गळाला काय लावायचं?

आमच्याकडे पहिला मोठा पाऊस होऊन कयाधू गढूळ वाहू लागली की कोंबडीच्या दुकानांवर एक वेगळं गिऱ्हाईक येऊ लागतं. त्याला मांस नको असतं. आतडी, काळीज, मिळाली तर थोडी चरबी, एवढंच तो मागतो, काळ्या पिशवीत घालून सायकलच्या हँडलला अडकवतो आणि नदीच्या दिशेने निघून जातो. दुकानदार बहुधा पैसे घेत नाही. फार तर म्हणतो, "मिली तो एक इधर भी." ही आतडी शिंगाळ्यासाठी, शिवड्यासाठी, मांगुरासाठी असतात.

हिंगोलीच्या इतिहासावर जे काही लिहिलं गेलं आहे त्यात औंढ्याचं देऊळ येतं, नर्सीचे संत नामदेव येतात, हैदराबाद कंटिंजंटची छावणी येते, १८३३ मधली ठगांवरची कारवाई येते आणि १९४८ येतं. नदीकाठी गळ घेऊन बसणारा माणूस कुठेच येत नाही. त्याच्या डब्यात काय होतं, हे तर त्याहून क्षुल्लक. पण गळाला काय लावावं या प्रश्नावर कल्याणीच्या एका राजाने लिहून ठेवलं आहे आणि काय लावू नये यावर आझमगढकडच्या एका मौलवींनीही. दोघांत आठशे वर्षांचं अंतर आहे. आमच्या मोहल्ल्यातला गळकरी या दोन्ही गोष्टींचा वारस आहे, हे त्याला ठाऊक असो वा नसो.

आधी माशाविषयी. मराठीत या कुळाला सगळीकडे चालेल असं एक नाव नाही, मी सोयीसाठी मिशाळ मासे म्हणतो. अंगावर खवले नाहीत, कातडी गुळगुळीत, तोंडाभोवती मिशा. हिंगोली जिल्ह्याचं पाणी दोन वाटांनी गोदावरीला मिळतं. पूर्णा थेट जाते आणि कयाधू पैनगंगेला मिळून वर्धा, प्राणहिता असा लांबचा वळसा घेते. दोन्ही वाटांवर हे मासे आहेत. शिवडा त्यातला दांडगा. त्याचं तोंड डोळ्यांच्याही मागे फाटलेलं असतं आणि तो रात्री शिकार करतो. इंग्रज शिकारी त्याला गोड्या पाण्यातला शार्क म्हणत. शिंगाळा लांब मिशांचा, तळ धरून राहणारा. मांगूर हवेतूनही श्वास घेतो, म्हणून डोह आटून नुसता चिखल उरला तरी तो तग धरतो आणि बाजारात घमेल्यात तासन्‌तास जिवंत दिसतो. शिंगीच्या काट्यात विष असतं. ज्याला तो एकदा लागला तो दुसऱ्यांदा शिंगी हातात धरत नाही, फडक्यातच धरतो.

या माशांना गढूळ पाण्यात, काळोखात अन्न कसं सापडतं? आपल्या जिभेवर चवीच्या ज्या पेशी असतात त्या यांच्या मिशांवर आणि अंगाच्या कातडीवरही असतात. जॉन कॅप्रिओ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये तिथल्या मिशाळ माशावर प्रयोग करून दाखवलं की पाण्यात अमिनो आम्लं अगदी नाममात्र असली तरी माशाला ती कळतात. मांस, काळीज, किडे यांतून पाण्यात झिरपतं ते नेमकं हेच. नदीकाठच्या माणसाला हे शास्त्राच्या भाषेत सांगता येणार नाही, पण "इसको आँख का काम नहीं" हे त्याला पक्कं माहीत असतं.

यातूनच आमिषाची खरी अडचण उभी राहते. आमिषाने पाण्यात रस सोडला पाहिजे आणि ते गळावर टिकलंही पाहिजे. ताजं काळीज भरपूर रस सोडतं, पण गळ फेकताच अर्धं गळून पडतं. वाळवलेलं टिकतं, पण त्याचा वास पाण्यात लवकर पसरत नाही. आमिष तयार करण्याचं सगळं कसब या ओढाताणीत आहे. अमेरिकेत मिसिसिपीच्या खोऱ्यातले लोक सडकं चीज आणि रक्त कालवून कुबट गोळे करतात, तेही याच अडचणीवरचं उत्तर.

आपल्या भागात यावर लिहिलेला जुना मजकूर आहे तो चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. ११३० च्या सुमारास त्याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे, आणि 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरण मासे पकडण्यावर आहे. सोमेश्वर माशांची विभागणी समुद्रातले आणि नदीतले अशी करतो, खवल्यांचे आणि कातडीचे अशीही करतो. कोणत्या माशाला काय खाऊ घालावं हेही सांगतो. त्यात तिळाची पेंड आहे, पिठाचे गोळे आहेत आणि मांसाहारी माशांसाठी मांस आहे. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहिला, तेव्हा कुठे मासेवाल्या अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं. तोवर हा ग्रंथ संस्कृत पंडितांचा होता.

राजाला तिळाची पेंड माशाला चालते हे कुणी सांगितलं? राजवाड्यात बसून ते कळत नाही. कुणीतरी नदीवरचा माणूस दरबारात उभा राहून बोलला असणार. ग्रंथावर नाव राजाचं आहे. इतिहास लिहिण्याची ही रीत जुनीच.

सोमेश्वराने केलेला खवल्यांचा आणि कातडीचा भेद नुसता प्राणिशास्त्राचा नाही. जगातल्या कितीतरी धर्मशास्त्रांनी माशाच्या खवल्यावर हलाल-हरामची रेघ ओढली आहे. ज्यूंच्या तोरामध्ये पर आणि खवले दोन्ही असलेलेच मासे खाण्याजोगे. आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात अशी परंपरागत गोष्ट सांगतात की, डेव्हिड राहाबी नावाच्या पाहुण्याने तिथल्या बायकांपुढे सगळे मासे मिसळून ठेवले, त्यांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले आणि त्यावरून हे लोक ज्यूच आहेत अशी त्याची खात्री पटली. मनुस्मृतीतही खवल्यांच्या माशांना मोकळीक आहे, आणि बिनखवल्यांच्या 'पाठीन' माशाला तिथे वेगळी, खास परवानगी आहे. पाठीन म्हणजे आपला शिवडा, असं अभ्यासक मानतात. हिंदीतलं पढिन हे नाव त्यातूनच आलं.

मुसलमानांमध्ये या प्रश्नावर दोन मतं आहेत. शिया जाफरी फिक्हमध्ये खवले नसलेला मासा हराम. हनफी फिक्हमध्ये प्रत्येक मासा हलाल, फक्त आपोआप मरून पाण्यावर उलटा तरंगणारा सोडून. बाराव्या शतकातले मध्य आशियातले फकीह बुऱ्हानुद्दीन मरगिनानी यांच्या 'हिदाया' या ग्रंथात बिनखवल्यांच्या 'जिर्रीस' या माशाचं नाव घेऊन तो खायला हरकत नाही असं सांगितलं आहे. नाव घेऊन सांगावं लागलं, म्हणजे लोकांच्या मनात शंका होती. सोमेश्वर आणि मरगिनानी एकाच शतकातले. एक कल्याणीत, एक फरगान्यात, आणि दोघांच्या पानांवर खवले नसलेला मासा आहे, याची मला गंमत वाटते. हाच 'हिदाया' पुढे १७९१ मध्ये चार्ल्स हॅमिल्टनने इंग्रजीत आणला आणि कंपनीच्या न्यायालयांत तो वापरला गेला.

दख्खनमध्ये दोन्ही मतांची माणसं शेजारी राहत आली. कुतुबशाही शिया होती, तिचं गोवळकोंडा-हैदराबाद पुढे सुन्नी आसफजाहींचं झालं आणि हिंगोली त्यांच्याच राज्यात होती. आमचा मोहल्ला हनफी, म्हणून मांगुराचा सालन इथे बिनघोर शिजतो. पण एखाद्या दावतीत शिया पाहुणे असतील तर जाणती बाई रोहूच आणायला सांगते, कारण विचारत बसत नाही.

एकोणिसाव्या शतकात या माशांच्या नावांना वेगळंच भाग्य लाभलं. मुंबई फौजेतले विल्यम हेन्री साइक्स हे अधिकारी दख्खनची पाहणी करत असताना त्यांनी इथल्या नद्यांतले मासे गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. पुष्कळ माशांना त्यांनी लॅटिन नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडचा शब्द तसाच उचलला. म्हणून जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आज 'सींघाला' आहे, 'सींगटी' आहे, 'कुटुर्नी', 'गूंगवारी', 'टाकरी' आहे. शिंगाळा आणि शिंगटी तर मराठी माणसाला लगेच ओळखू येतील. हे सगळे मिशाळ मासे. एका मिशाळ माशाला साइक्स यांनी यारेल या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाचं नाव दिलं, दुसऱ्याला ब्रिटिश म्युझियममधल्या चिल्ड्रन यांचं. ज्या भोयांनी आणि कोळ्यांनी मासे पकडून आणले असतील, नावं सांगितली असतील, त्यांच्यापैकी कुणाचं नाव एकाही माशाला नाही. निदान त्यांचे शब्द तरी राहिले.

हिंगोलीला तेव्हा कंटिंजंटची छावणी होती आणि १९०३ मध्ये कंटिंजंट ब्रिटिश हिंदी फौजेत विलीन होईपर्यंत तिचं वेगळेपण टिकलं. इंग्रज अधिकाऱ्यांचा जीव महसीरमध्ये. एच. एस. थॉमस यांचं १८७३ चं 'द रॉड इन इंडिया' हे त्या काळचं गळाच्या शिकारीचं नामांकित पुस्तक, त्यातही मानाचं पान महसीरलाच. कातडीचे, तळाचे, मिशांचे मासे साहेबाच्या लेखी खालच्या दर्जाचे. गरिबाच्या ताटात ते आले याला हेही एक कारण असावं.

आता मौलवींकडे येतो, कारण माझ्या मते आमच्या आमिषाच्या इतिहासातला सगळ्यांत रंजक भाग तिथे आहे.

मौलाना अमजद अली आझमी हे उत्तर प्रदेशातल्या घोसीचे. त्यांचा 'बहारे शरीअत' हा उर्दू ग्रंथ दख्खनमधल्या सुन्नी घरांत आणि मशिदींच्या कपाटांत हमखास सापडतो. हजला जाताना ते मुंबईत वारले, सप्टेंबर १९४८ मध्ये. त्याच महिन्यात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. या ग्रंथात शिकारीवरचं एक प्रकरण आहे आणि त्यात थेट गळाच्या आमिषावर मसला दिला आहे. काही लोक जिवंत मासा किंवा जिवंत बेडकी गळात ओवून मोठा मासा पकडतात, हे मना आहे, कारण त्या जिवाला यातना होते. जिवंत गांडूळ ओवणंही तसंच मना. मासा हलाल आहे, शिकार हलाल आहे, पण गळावरच्या किड्याच्या वेदनेचा हिशेब मागितला जाईल, असा त्याचा रोख.

बेडकाविषयी तर मुळात हदीस आहे. एका वैद्याने औषधात बेडूक घालण्याविषयी विचारलं तेव्हा पैगंबरांनी बेडूक मारायला मनाई केली, अशी ती हकिकत अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. शिवड्याला बेडकाइतकं दुसरं काही आवडत नाही, हे नदीवरच्या कुणालाही विचारा. आणि नेमका तोच वर्ज्य.

ही मनाई सगळेच पाळतात असं मी म्हणणार नाही. उकिरड्याजवळची ओली माती उकरून गांडुळं काढणारी, ती ओल्या गोणपाटात गुंडाळून नेणारी मुस्लिम पोरं मी भरपूर पाहिली आहेत. पण ज्यांनी पाळली, त्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागलं. आमच्याकडच्या जुन्या चाचा लोकांच्या हाती तयार आमिषाचं जे कसब होतं, त्याच्या मुळाशी ही मनाई आहे असं मला वाटतं. कागदोपत्री पुरावा नाही. पण "जिंदा मत लगाओ, बाबा" हे वाक्य मी नदीवर इतक्यांदा ऐकलं आहे की केवळ योगायोग म्हणून ते सोडून देता येत नाही.

ते कसब असं. कोंबडीची आतडी फार धुवायची नाहीत, नुसती पिळून आतली घाण काढायची. बोटभर लांबीचे तुकडे करून मीठ चोळायचं आणि सावलीत अर्धा दिवस ठेवायचं. उन्हात ठेवली तर चामडं होतं. मीठ पाणी ओढून घेतं, आतडं चिवट होतं, पण आतला रस जात नाही. गळावर ते तीन-चार वेळा दुमडून ओवायचं आणि एक टोक मोकळं सोडायचं म्हणजे प्रवाहात हलतं. काळजालाही तसंच मीठ लावतात. बकरी ईदला तर वजरी आणि आतडी घरोघरी असतात. ईदच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नदीवर बसलेली माणसं मोजलीत तर माझं म्हणणं पटेल. रक्ताच्या गुठळ्या मासा पकडायला उत्तम, पण वाहतं रक्त नापाक, कपड्याला लागलं तर नमाजची पंचाईत. म्हणून नमाजी माणूस त्याच्या वाटेला जात नाही.

शिवड्यासाठी मेलेला छोटा मासा. अख्खा लावायचा, पण दोन्ही बाजूंना चिरा पाडून, म्हणजे अंगातलं पाणी बाहेर झिरपतं. तो नसेल तर आठवडी बाजारातला सुका बोंबील भिजवून. समुद्राचा बोंबील कयाधूच्या शिवड्याला कसा रुचतो हे नवलच, पण रुचतो.

पिठाचं आमिष हे वेगळंच शास्त्र. इथे घरोघरी ज्वारी, आणि ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही. भाकरीसाठी बायका करतात तशी उकड काढली तरच ते मळलं जातं. त्यात शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग, आणि सुकट कुटून घातलेली. हिंगावरून दोन तट आहेत. एक म्हणतो हिंगाशिवाय मांगूर फिरकत नाही, दुसरा म्हणतो हिंग माणसाच्या नाकासाठी आहे. मी सुकटीच्या बाजूचा. एवढं करूनही गोळा पाण्यात विरघळतोच. त्यावर आमच्या मुलखाचं उत्तर म्हणजे कापूस. सरकी काढलेल्या कापसाचे दोन-चार धागे पिंजून पिठात मळायचे. पीठ सुटत राहतं, वास पसरत राहतो, आणि गोळा मात्र धाग्यांनी धरून ठेवलेला. ज्वारी, शेंगदाणा आणि कापूस, या जिल्ह्याचं अर्धं शेत त्या गोळ्यात असतं. सोमेश्वराच्या तिळाच्या पेंडीच्या जागी शेंगदाण्याची पेंड आली एवढंच, आणि शेंगदाणा तर त्याच्या काळी या देशात नव्हताच.

हे गोळे मुसलमानांचेच होते असंही नाही. पुष्कळ गोष्टी भोयांकडून आमच्याकडे आल्या, काही आमच्याकडून तिकडे गेल्या. खाटकाच्या दुकानातलं आतडं एका हातातून दुसऱ्या हातात जाताना सोबत कृतीही जाते. एका डोहावर दोन गळ शेजारी पडले की आमिष लपवून ठेवता येत नाही.

मग धरणं आली. १९६० च्या दशकात पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, पुढे पैनगंगेवर इसापूर. डोहांची नदी जाऊन जलाशय झाले. जलाशयात मासेमारी सहकारी संस्थांच्या ठेक्याने होऊ लागली आणि कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं जाऊ लागलं. बीज सोडणाऱ्याच्या नजरेत शिवडा हा चोर, कारण तो ती पिल्लं खातो. ज्याच्यासाठी माणूस रात्र-रात्र बसायचा तो मासा आता नको असलेला मासा झाला. जगभरच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत शिवडा आज असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे.

नदीच्या उरलेल्या पाण्यात जिलेटिनच्या कांड्या फुटतात, ब्लीचिंग पावडर पडते, बॅटरीचा करंट सोडला जातो. यातल्या कशालाही आमिष लागत नाही. माशाला काय आवडतं, तो कोणत्या नक्षत्रात वर चढतो, कोणत्या रात्री खातो, हे कळण्याची गरज नाही. पहिल्या पावसात अंडी पोटात घेऊन चढणारी शिंगटी आणि बोटभर पिल्लू, दोन्ही एकाच धक्क्यात वर येतात. जिवंत गांडूळ ओवण्यावर मसला सांगणारे आमचे लोक या कांड्यांवर गप्प का, हा प्रश्न मी जुम्म्यानंतर एक-दोनदा विचारला आहे. उत्तर मिळालं की मासा तर हलालच राहतो. माझा प्रश्न माशाचा नव्हता, हात माशावर टाकणाऱ्याचा होता.

बाजारात मांगूर म्हणून जो काळाकुट्ट, दांडगा मासा येतो तो बहुतेक वेळा आपला मांगूर नसतोच. तो आफ्रिकी, लोकांच्या तोंडी 'थाई मांगूर'. देशी माशांना खाऊन टाकतो म्हणून त्याच्या पैदाशीवर सरकारची बंदी आहे आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही त्यावर कडक आदेश दिले. तरी तो येतो. शेततळ्यांत त्याला कत्तलखान्यातली घाण आणि कोंबड्यांचे अवशेष खाऊ घालून वाढवलं जातं. फिक्हमध्ये घाण खाऊन वाढलेल्या जनावराला 'जल्लाला' म्हणतात, आणि ते खाण्याआधी काही दिवस बांधून त्याला स्वच्छ चारा द्यावा असं सांगितलं आहे. घाऊक बाजारातून रात्रीत आलेल्या माशाला कोण, कुठे बांधणार?

परवा बाजारात एका बाईने घमेल्यातला मासा उचलून, उलटा करून, त्याचं डोकं आणि मिशा नीट पाहिल्या आणि परत ठेवला. मासेवाला म्हणाला, "मांगूरच आहे, मावशी." ती म्हणाली, "असेल. पण हा आपल्या नदीचा नाही," आणि पलीकडे एका म्हाताऱ्याने गोणपाटावर मांडलेल्या चार लहान शिंगट्यांकडे वळली. त्याला तिने विचारलं, कशावर धरल्या? तो म्हणाला, पिठावर, सुकट घालून.